‘टॉमी’तील शेवटची प्रार्थना : सुहासला पत्र

पुणे

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

‘द हू’ या ब्रिटिश बँडचा, टॉमी नावाच्या मुलाची कथा गाण्यांतून सांगणारा ‘टॉमी’ हा अल्बम ऐकून तू तो बुवाबाजीवरचा हल्ला आहे असा निकाल दिलास. तुझे म्हणणे निम्मे खरे आहे. उरलेल्या निम्म्यासाठी हे पत्र.

अल्बम मे १९६९ मध्ये आला. त्यातील बहुतेक गाणी लिहिणारा पीट टाउनशेंड तोवर मेहेरबाबांचा अनुयायी झाला होता आणि श्रेयनामावलीत ‘अवतार’ म्हणून बाबांचेच नाव छापले आहे. पुण्यात जन्मलेल्या आणि १० जुलै १९२५ पासून ३१ जानेवारी १९६९ रोजी देह ठेवीपर्यंत मौन पाळलेल्या गुरूचा शिष्य मुक्या मुलाची कथा रचतो, हा निव्वळ योगायोग मानायला माझे मन तयार होत नाही. मात्र बाबांचे मौन स्वेच्छेचे होते, टॉमीचे लादलेले आहे. महायुद्धात बेपत्ता झालेला बाप १९२१ मध्ये परततो, घरात आईच्या प्रियकराचा खून होतो आणि तो पाहणाऱ्या पोराला आईबाप बजावतात की तू काही पाहिले नाहीस, काही ऐकले नाहीस, कोणाला काही सांगायचे नाही. पोर मुके, बहिरे, आंधळे होते. युद्धाने घरात आणलेली हिंसा मुलांच्या तोंडाला कुलूप लावून झाकायची, हे मला या अल्बममधले खरे राजकारण वाटते.

आता दोन तबकड्यांच्या या अल्बमची चौथी, म्हणजे शेवटची बाजू. बरा झालेला टॉमी प्रेषित होतो. सॅली सिम्प्सन ही मुलगी बापाची आज्ञा मोडून त्याच्या सभेला जाते, मंचावर चढून त्याला स्पर्श करते, तोच गणवेशातला एक माणूस तिला खाली फेकतो आणि तिच्या गालाला सोळा टाके पडतात. प्रेषिताभोवती गणवेश आला की सत्ता आलीच! पुढे तर टॉमी शिष्यांना डोळ्यांवर पट्टी, कानांत बोळे आणि तोंडात बूच घालून पिनबॉल हा यंत्रावरचा गोळीचा खेळ खेळायला लावतो, म्हणजे आईबापांनी त्याचे जे केले तेच तो त्यांचे करतो. शिष्य बंड करतात ते यासाठी, आणि ते योग्यच करतात.

तू इथे थांबलास. अल्बम थांबत नाही. बंडाचा गदारोळ ओसरताच एक आर्त विनवणी सुरू होते आणि तिच्यातून प्रार्थना उंचावत जाते. काहींच्या मते ती शिष्यांची आहे. मला ती टॉमीचीच वाटते, कारण तो अजून आत कोंडलेला असताना, डॉक्टरांच्या तपासणीच्या गाण्यात, त्याच्या अंतर्मनाने हीच प्रार्थना म्हटलेली आहे. गादी गेली, शिष्य गेले, पण ज्याला उद्देशून ती होती तो राहिला. आपण शिकवायला नव्हे, जागे करायला आलो आहोत, असे मेहेरबाबा सांगत; त्यांच्या शिष्याने मठ मोडून प्रार्थना शाबूत ठेवावी, यात मला विसंगती दिसत नाही.

तपासणीचे ते गाणे आणि हा शेवट लागोपाठ ऐक, आणि एवढ्यानेही तुझे मत पालटले नाही तर का, ते सविस्तर लिही.

तुझा,
अविनाश