अण्णा, तुमची पेटी बाजूला काढून ठेवलीये

अण्णा, नमस्कार.

कणकवलीला मी गाडीतून उतरत होतो तेव्हा तुम्ही म्हणालात "आभारबिभार मानू नको हां, सीझन झाला की फक्त सांग काय झाला ता". तर सीझन झाला आणि सांगतोय, पण आभार मानल्याशिवाय राहवत नाही म्हणून सगळ्यांसमोरच लिहितोय. तुमचं नाव टाकत नाही, तुम्हाला आवडायचं नाही.

बाकीच्यांसाठी थोडक्यात. अण्णा मला ट्रेनमध्ये भेटले आणि आमच्या वेबसाइटच्या सर्व्हरचं सगळं गणित त्यांनी सरळ केलं. आम्ही देवगड तालुक्यातले १४ बागायतदार मिळून हापूस थेट गिऱ्हाईकाला विकतो, वाशीच्या मार्केटात पेटी टाकून पट्टी (विक्रीचा हिशोब) येईपर्यंत वाट बघायची तो जमाना आम्हाला नको झाला होता. वेबसाइट मी बघतो. शिकलोय बीकॉम, बाकी सगळं यूट्यूब आणि ठेचा खाऊन. गेल्या वर्षी पाडव्याला बुकिंग उघडलं आणि साइट अशी काय झोपली की लोक फोनवर ऑर्डर द्यायला लागले, माझी आई वहीत लिहून घेत होती.

म्हणून यंदा ठरवलं की नवीन डेडिकेटेड सर्व्हर, म्हणजे साइट चालवायला आपला एकट्याचा कॉम्प्युटर, घ्यायचा. आंगणेवाडीच्या जत्रेच्या गर्दीत तुतारी एक्सप्रेसमध्ये मी लॅपटॉप उघडून कोटेशन बघत बसलेलो, प्रोसेसरचे १६ कोर, १६ जीबी रॅम, ४ टीबीच्या दोन हार्ड डिस्क जोडून ८ टीबी जागा. मला तर एकदम भारी वाटत होतं. गाडी कुठेतरी मध्येच क्रॉसिंगला थांबलेली, शेजारी तुम्ही मफलर गुंडाळून बसलेले, आणि माझ्या स्क्रीनकडे बघून म्हणालात "ह्या कित्याक घेतंस?"

मी म्हटलं साइट स्लो आहे, मोठा प्रोसेसर पाहिजे. तेव्हा तुम्ही खिडकीतून बाहेर बोट दाखवलंत, "इंजिन डबल लावलंस म्हणान क्रॉसिंगाक थांबूचा चुकतला काय?"

कोकण रेल्वेवर वाढलेल्या माणसाला यापेक्षा सोप्पं कोणी सांगू शकत नाही. लाईन सिंगल, समोरून गाडी येतेय, तुमचं इंजिन कितीही दांडगं असो, उभं राहायचंच. मग तुम्ही मला जुन्या सर्व्हरवर लॉगिन करायला लावलंत, रेंज येत होती जात होती, टॉप कमांड चालवली आणि त्यात तो 'डब्ल्यूए' वाला आकडा दाखवलात, प्रोसेसर डिस्कची वाट बघत किती वेळ रिकामा बसलाय तो. साठ टक्क्यांच्या वर होता. म्हणजे माझे जुने ४ कोरच निम्म्याहून जास्त वेळ क्रॉसिंगला उभे होते आणि मी १६ घ्यायला निघालेलो, च्यायला.

नंतर वडापावच्या कागदावर तुम्ही जो हिशोब केलात तो कागद मी अजून ठेवलाय, तेलाच्या डागासकट. ७२०० आरपीएमची डिस्क म्हणजे सेकंदाला १२० फेरे, एक फेरा ८.३ मिलीसेकंदाचा, पाहिजे ती जागा वाचणाऱ्या हेडखाली यायला सरासरी अर्धा फेरा म्हणजे ४ च्या आसपास, वर हेड सरकायला ८-९. एका वाचनाला १२-१३ मिलीसेकंद. म्हणजे सेकंदाला फार फार तर ८० वाचनं. आणि पाडव्याला सकाळी १० वाजता एकाच वेळी चारपाचशे लोक ऑर्डर टाकायला आलेले. एसएसडी म्हणजे चिपवाली डिस्क, तिच्यात फिरणारं काही नसतंच, तिथे हीच वाचनं सेकंदाला हजारोंनी होतात. एवढंसं गणित, पण कोटेशन देणाऱ्याने सांगितलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मीही विचारलं नव्हतं, मी फक्त टीबी मोजत होतो.

पण मला सगळ्यात जास्त काय आवडलं सांगू, तुम्ही लगेच "एसएसडी घे" म्हणाला नाहीत. "आधी मोज, मगे घे" म्हणालात. माझा डेटाबेस सगळा मिळून ११ जीबी आणि मायएसक्यूएलचा (डेटाबेस चालवणारं सॉफ्टवेअर) बफर पूल, म्हणजे वाचलेला डेटा हाताशी ठेवायची रॅममधली जागा, होता १२८ एमबी! ते डिफॉल्ट असतं, मी कधी हातच लावला नव्हता. म्हणजे घरात ढीगभर तांदूळ आणि शिजवायला वाटी. जुन्या मशीनमध्ये रॅम ८ जीबीच होती, त्यातली ५ जीबी तुम्ही बफर पूलला द्यायला लावलीत, एक ओळ बदलून रिस्टार्ट, आणि वैभववाडी यायच्या आत साइट निम्म्या वेळात उघडायला लागली. एक रुपया खर्च न करता. मी तुमच्याकडे बघतोय आणि तुम्ही चहावाल्याला हाक मारताय.

त्याच्यावरूनच नवीन मशीनचं ठरलं. कोर ६ पुरे, रॅम मात्र ६४ जीबी, म्हणजे अख्खा डेटाबेस रॅममध्ये मावून वर जागा उरते आणि डिस्कला वाचायचा त्रासच कमी. आणि ईसीसी वालीच. मी म्हटलं ती कशाला महाग, तर तुम्ही म्हणालात साधी रॅम एखादा बिट उलटला तरी गप्प बसते, ईसीसी तो दुरुस्त करते, आणि पैशाच्या हिशोबात गप्प बसणारा माणूस नको. पटलं.

घरीच सर्व्हर ठेवायची माझी आयडिया तुम्ही दोन वाक्यात मारलीत तेव्हा मला थोडा राग आला होता, आता कबूल करतो. पडवीच्या मागची खोली, फायबर, इन्व्हर्टर, माझा सगळा प्लॅन तयार होता. तुम्ही विचारलंत, घरातल्या पितळीच्या भांड्यावर किती दिवसात हिरवं चढतं? समुद्रापासून आम्ही दीड किलोमीटरवर. तीच खारी हवा रॅमच्या आणि केबलच्या कॉन्टॅक्टवर बसणार, फॅन ती हवा आत ओढतच राहणार. आणि २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते आलं तेव्हा आमच्याकडे लाईट किती दिवस नव्हती ते मला वेगळं सांगायची गरज नव्हती, त्याच्या आदल्या जूनमध्ये निसर्गने श्रीवर्धन-दापोलीकडे काय केलं तेही सगळ्यांनी बघितलंय. मेमध्येच तर आमचा धंदा. मशीन नवी मुंबईत भाड्याने घेतलं, आणि आयपीएमआय (लांबून मशीन हाताळायची सोय) आहे ना ते आधी विचार हे तुम्ही बजावलंत म्हणून आता रात्री मशीन अडकलं तर देवगडात बसून रिस्टार्ट करता येतं, मशीन चालू होतानाची बायोसची स्क्रीनसुद्धा दिसते.

मग ते ८ टीबी. दोन डिस्क जोडून एक, म्हणजे रेड झिरो. तुम्ही नुसतं विचारलंत "अढीत एक आंबो कुसलो तर?" सगळी अढी जाते, आणखी काय. रेड झिरोमध्ये अर्धा डेटा या डिस्कवर अर्धा त्या, एक गेली की दुसरीवर उरतो तो नुसता चोथा. त्यापेक्षा रेड वन, दोन्हीकडे तोच डेटा, जागा निम्मी पण एक मेली तरी दुकान चालू. आणि दोन्ही डिस्क एकाच लॉटच्या घेऊ नको, एका दिवशी अढीत घातलेले आंबे एका दिवशीच पिकतात. हे असलं कुठल्या मॅन्युअलमध्ये मिळणार.

एसएसडीचं मला उगाच भ्या होतं की लिहून लिहून झिजते. तुम्ही मोजायला लावलंत, माझं दिवसाचं लिखाण ३० जीबीसुद्धा नाही, ६०० टीबी लिहायची गॅरंटी असलेली डिस्कसुद्धा या वेगाने ५० वर्षांच्या वर जाईल. झिजण्याची काळजी सोड, लाईट गेल्यावर काय होतं ते विचार म्हणालात. साध्या एसएसडीत लिहिलेलं काही काळ कॅशमध्ये (तात्पुरत्या मेमरीत) असतं आणि त्याच क्षणी पॉवर गेली तर ते जातं, सर्व्हरवाल्यात छोटे कपॅसिटर असतात, तेवढ्या वेळात डिस्क ते आत लिहून टाकते. म्हणून शेवटी ९६० जीबीच्या दोन सर्व्हर एसएसडी रेड वनमध्ये डेटाबेस आणि सिस्टिमला, आणि बागेचे फोटो-व्हिडिओ ठेवायला ४ टीबीच्या दोन हार्ड डिस्क, त्याही रेड वन. फोटो असेही सलग वाचले जातात, त्यांना हार्ड डिस्क चालते. भाडं त्या १६ कोरवाल्याच्या आसपासच आलं. दोन पॉवर सप्लायचं मात्र तुमचं ऐकलं नाही, पैसे संपले, रागावू नका.

आता तुम्हाला माहीत नसलेली गोष्ट. तुम्ही म्हणाला होतात ना, साइट चढवायच्या आधी एक डिस्क खरंच काढून बघ. मला वाटलं म्हातारा जरा जास्तच करतोय (माफ करा). तरी डेटा सेंटरवाल्याला फोन करून पहिली एसएसडी काढायला लावली आणि मशीन पुन्हा चालू केलं. काळी स्क्रीन. काहीच नाही. डेटा दोन्हीकडे होता, पण मशीन उठवणारा ग्रब फक्त पहिल्या डिस्कवर टाकलेला, इन्स्टॉल करताना दुसरीवर टाकायचा राहिला होता, माझ्याकडूनच. हे एप्रिलमध्ये कळलं असतं तर? दोन्हीवर ग्रब टाकला, पुन्हा आधी एक काढून बघितली, मग दुसरी. दोन्ही वेळा उठलं.

आणि एप्रिलमध्ये एक गेलीच. एसएसडी नाही, फोटोवाली हार्ड डिस्क. डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते त्या स्मार्टमधले ते दोन आकडे तुम्ही लिहून दिले होते, ५ नंबरचा आणि १९७ नंबरचा, खराब सेक्टर आणि खराब होऊ घातलेले. १९७ शून्याचा १६ झाला, दोन दिवसांनी २००च्या वर. तुमचं वाक्य आठवलं, "डिस्क मरतलीच, कधी ता फक्त ठाऊक नाय". बदलायला सांगताना मशीनने दिलेलं एसडीसी-एसडीडी असं नाव न सांगता सीरियल नंबर दिला, कारण नावं रिस्टार्टला बदलू शकतात आणि तिथल्या पोराने चुकून चांगली ओढली की संपलं. नवीन घातली, ४ टीबी परत भरायला रात्र गेली, गिऱ्हाईकाला काही कळलंसुद्धा नाही.

खरी फजिती दुसरीच. अक्षय तृतीयेच्या आदल्या रात्री साडेअकराला मी एका ऑर्डरचं स्टेटस बदलायला गेलो आणि 'व्हेअर' (कुठल्या ऑर्डरला ते सांगणारा कमांडचा भाग) लिहायचं विसरलो. सगळ्या ऑर्डरी 'पोहोचली'. सगळ्यांना मेसेज गेले. डोंबिवलीहून एका काकूंचा फोन, "अरे पोहोचली म्हणतोस, पेटी आहे कुठे?" आणि रेडने काय केलं, माझी चूक इमानेइतबारे दोन्ही डिस्कवर लिहिली. तेव्हा घाम फुटला आणि तेव्हाच कळलं की रेड म्हणजे बॅकअप नाही हे तुम्ही तीनतीनदा का सांगत होतात. रोज रात्री २ ला दुसऱ्या शहरातल्या मशीनवर जाणारी कॉपी होती, ती परत घातली, त्यानंतरच्या ऑर्डरी बायनरी लॉगमधून (डेटाबेसमधल्या बदलांची नोंदवही) माझ्या त्या कमांडच्या आधीपर्यंत चढवल्या. पहाटे सव्वातीनला सगळं जागेवर. जमलं ते एवढ्याचसाठी की तुमच्या सांगण्यावरून मार्चमध्ये दोनदा रिस्टोअर करून बघितलेलं, हाताला सवय होती.

यंदा आईने एकही ऑर्डर वहीत लिहिली नाही. ती विचारते ते गाडीतले गृहस्थ कोण.

तर अण्णा, पाच डझनी पेटी बाजूला काढून ठेवलीये, झाडावरचे शेवटचे आहेत, पाऊस लागायच्या आत येत्या रविवारी मी स्वतः कुडाळला आणून देतो. पैसे द्यायला लागलात तर तशीच ओट्यावर ठेवून पळून जाईन. आणि येताना तो दुसऱ्या पॉवर सप्लायचा विषय पण घेऊन येतोय.

तुमचा,
देवगडचा लॅपटॉपवाला