आई, तू विचारलंस म्हणून

शिकागो, ऑक्टोबरअखेर

ती. आई आणि बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

सगळं ठीक आहे, हे आधी वाचा, मग पुढचं. तब्येत बरी आहे, जेवण वेळेवर होतं, व्हिसाचे कागद वकिलाकडे आहेत आणि त्यात काळजीचं काही नाही. थंडी पडली की आत्यानं विणलेला स्वेटर आहेच.

आई, परवा फोनवर तू विचारलंस, "तिशी ओलांडलीस, आणि शाळकरी पोरांच्या कादंबऱ्या कसल्या वाचत बसतेस?" मी फटकन बोलले आणि तू फोन बाबांकडे दिलास. त्याचं उत्तर फोनवर देता येत नाही, म्हणून लिहिते.

तेरा ते अठराच्या मुलामुलींसाठी इथे वेगळ्या कादंबऱ्या निघतात, त्यांना 'यंग अडल्ट' म्हणतात. आम्ही 'किशोर' वाचणं सोडलं की करवीर नगर वाचन मंदिरातून थेट मोठ्यांची पुस्तकं आणायचो, मधलं फारसं काही नव्हतं. इथे ते होतं, पण बरीच वर्षं त्यात मुलं बहुतेक गोरीच असायची. १९८५ साली विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या बालसाहित्य केंद्रानं मोजलं, तर मुलांसाठी त्या वर्षी निघालेल्या सुमारे २,५०० पुस्तकांत कृष्णवर्णीय लेखक-चित्रकारांची फक्त १८ निघाली. आता मेक्सिकन, कृष्णवर्णीय, चिनी, आपल्यासारख्या घरांतल्या मुलांच्या गोष्टी येतात. मी वाचते त्या ह्या.

पहिली लॅबमधल्या मेक्सिकन मैत्रिणीनं दिली. एरिका सांचेझ यांची 'आय अ‍ॅम नॉट युवर परफेक्ट मेक्सिकन डॉटर', २०१७ ची, शिकागोतच घडणारी. हूलियाची थोरली बहीण ओल्गा ट्रकखाली सापडून जाते. ओल्गा गुणी, घर धरून राहिलेली. हूलियाला लेखिका व्हायचंय, न्यूयॉर्कला कॉलेजात जायचंय. आई लोकांची घरं साफ करते, आणि चांगल्या मुली घर सोडून शिकायला जात नाहीत असं तिचं म्हणणं.

पहिल्यांदा वाचताना मी सगळी हूलियाच्या बाजूनं होते. तिच्या आईचा रागच आला. दुसऱ्यांदा वाचायला घेतलं आणि आईपाशीच अडकले. हूलिया मेक्सिकोत आजीकडे राहायला जाते, तेव्हा सीमा ओलांडताना आईवर काय गुदरलं होतं ते तिला कळतं. आईनं ते तिला कधी सांगितलेलंच नसतं. तिथे मला पुढे वाचवेना.

आई, तू सोळा वर्षांची असताना तुला काय करायचं होतं, ते मला माहीत नाही. मामा एकदा बोलता बोलता म्हणाला होता की तुला पुण्याला शिकायला जायचं होतं, आणि तू विषय बदललास. मी निघाले तेव्हा विमानतळावर "लाडवांचा डबा सरळ धर" एवढंच म्हणालीस. ते मला हल्ली वेगळं ऐकू येतं. समोरासमोर विचारायचा धीर झाला नसता. पुण्याला जायचं का राहिलं? लिही मला. फोनवर नको सांगूस, बाबा शेजारी असतात.

बाबा, आता तुम्ही टीव्हीवर बघता त्या बातम्यांचं. मी राहते तो भाग शांत आहे आणि उशीर झाला तर मैत्रीण गाडीनं सोडते. पण अँजी थॉमस यांच्या 'द हेट यू गिव्ह'मध्ये सोळा वर्षांच्या कृष्णवर्णीय स्टारच्या डोळ्यांदेखत पोलीस तिच्या बालमित्राला गोळी घालतो. त्याच्या हातात शस्त्र नसतं, तरी बातम्यांत तो गुंड ठरतो. स्टार गोऱ्यांच्या शाळेत एक बोलते, वस्तीत दुसरं. कामावर मीही आवाज बदलते, पण तिच्या भीतीशी माझी बरोबरी नाही, हेही त्याच पुस्तकानं शिकवलं. म्हणून टीव्ही बघून 'तिकडचे ते लोक' म्हणू नका, मला लागतं.

हे पुस्तक शाळेच्या लायब्ररीतून काढा म्हणून कितीतरी ठिकाणी पालकांनी तक्रार केली. ही पद्धत मला समजायला वेळ लागला, म्हणून नीट सांगते. पालक फॉर्म भरतात, कुठलं पुस्तक, कुठलं पान, काय खटकलं. मग एक समिती बसते, पुस्तक वाचते आणि ठेवायचं की काढायचं ते ठरवते. कधी कधी समितीआधीच पुस्तक कपाटातून जातं. आणि दुसरीकडे, १९८२ पासून दरवर्षी लायब्रऱ्या एक आठवडा पाळतात. त्यात हीच पुस्तकं दर्शनी टेबलावर मांडायची, वर पाटी लावायची की यांच्यावर आक्षेप आहे. म्हणजे एकानं काढायला सांगायचं आणि दुसऱ्यानं दारात मांडायचं! २०२२ साली शिकागोच्या लायब्ररीनं अशा पुस्तकांना आसरा जाहीर केला, आणि २०२४ पासून इलिनॉय राज्यात असा कायदाच आहे की मतभेदापायी पुस्तकं काढणाऱ्या लायब्ररीचं सरकारी अनुदान जाईल. स्टारच्या पुस्तकात शिव्या आहेत, हे खरं. पण पोरगी खरं बोलते.

आता स्थळ. संध्या मेनन यांच्या 'व्हेन डिंपल मेट ऋषी'मध्ये भेट घरच्यांनी जुळवलीय हे मुलाला ठाऊक असतं, मुलीला नसतं. तो पहिल्याच भेटीत तिला होणारी बायको म्हणतो आणि ती हातातली कॉफी त्याच्या अंगावर फेकते. शेवट मला फार सोपा वाटला, पण ती कॉफी पटली. न्यू जर्सीच्या मुलाशी मी बोलेन, नक्की बोलेन. मात्र मी होकार दिलेला नाही, हे आत्यानं त्याच्या घरी आधी सांगावं.

ऐंशी हजार पाठवलेत. त्यातून बाबांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन करा, छपराचं पुढच्या महिन्यात बघू. "आम्हाला पुरतंय" म्हणू नका.

छोटूच्या लग्नाची रजा मोजकीच मिळतेय. हळदीला पोचणार नाही, लग्नाच्या आदल्या रात्री उशिरा पोचेन. पुन्हा विचारणार आहे, खरंच विचारणार आहे. तोवर करवलीचं सगळं मावशीच्या मुलीला करू दे. तिला माझी हिरवी पैठणी द्या, कपाटाच्या खालच्या खणात आहे. ब्लाउज घट्ट होईल, आतून शिलाई ठेवलेली आहे, उसवून घ्या.

तुमची,
सोनी