घशाच्या गोळ्या सुट्ट्या विकू नका

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

गणपतीत आरत्या म्हणून आणि ढोल-ताशापुढे ओरडून निम्म्या लोकांचे घसे बसलेत, मेडिकलवर घशाच्या गोळ्या भराभर खपतायत. गोळी चघळायला माझा विरोध नाही, मी शिक्षिका आहे, बोलून बोलून घसा धरला की मीही घेते आणि बरं वाटतं. पण पट्टीतून कापून दोन-दोन गोळ्या देतात, किराणावाला तर सुट्टे नाहीत म्हणून चॉकलेटसारखी हातावर ठेवतो, ते बंद व्हायला हवं. पट्टी कापली की औषधाचं नाव, एक्स्पायरी, दिवसाला किती घ्यायच्या हे सगळं दुकानातच राहतं.

आणि सगळ्या गोळ्या सारख्या नसतातच. कुठे नुसतं मेंथॉल, कुठे जंतुनाशक म्हणजे अमाइलमेटाक्रेसॉल आणि डायक्लोरोबेंझिल अल्कोहोल (ही साधारण दोन-तीन तासांनी एक), कुठे घसा बधिर करणारं बेंझोकेन, आणि काहींत तर फ्लर्बिप्रोफेन हे चक्क पेनकिलर असतं. ती 8.75 मिग्रॅची गोळी 24 तासांत 5 पेक्षा जास्त नाही, सलग 3 दिवसांपेक्षा जास्त नाही, आणि अल्सर असेल किंवा अ‍ॅस्पिरिनची अ‍ॅलर्जी असेल किंवा शेवटचे तीन महिने चालू असलेली गरोदर बाई असेल तर घ्यायचीच नाही. आता हातात नुसती सुट्टी गोळी असलेल्या माणसाला हे कळणार कुठून?

शुगरवाल्यांनी तर जास्तच बघावं कारण साध्या गोळ्या साखरेच्याच असतात, एकीत दोन ग्रॅमच्या आसपास, दिवसभर चघळल्या तर हिशोब करा. शुगर फ्री जास्त झाल्या की पोट बिघडतं. बधिर करणारी गोळी खाल्ली की लगेच गरम चहा घेऊ नका, भाजलेलं कळत नाही. तोंडात गोळी ठेवून झोपू तर अजिबात नका, आणि लहान पोरांना देऊच नका, कडक गोळी श्वासनलिकेत अडकते.

शाळेत मला जास्त काळजी वाटते ती वेगळीच. बहुतेक घसादुखी व्हायरल असते, आठवडाभरात जाते. पण 5 ते 15 वर्षांच्या मुलांत कधीकधी स्ट्रेप्टोकोकस हा जंतू असतो, ताप येतो, गिळताना खूप दुखतं, गळ्याला गाठी येतात, खोकला-सर्दी मात्र फारशी नसते. उपचार झाले नाहीत तर काही मुलांना पुढे संधिवाताचा ताप येऊन हृदयाच्या झडपा कायमच्या खराब होतात. याला डॉक्टरांनी दिलेलं अँटिबायोटिकच लागतं, ते पूर्ण घ्यावं लागतं, आणि आईवडील मात्र गोळी देऊन पोराला शाळेत पाठवतात कारण दुखणं तेवढ्यापुरतं दबतं. लाळ गळत असेल, तोंड उघडता येत नसेल किंवा श्वासाला त्रास होत असेल तर थेट हॉस्पिटल गाठा.

मेडिकलवाल्यांना विनंती की अख्खी पट्टी द्या, नाहीच जमलं तर पुडीवर औषधाचं नाव आणि दिवसाला किती हे मराठीत लिहून द्या.

— एक शिक्षिका