खडी टाकण्याआधी

प्रिय मित्रा,

तुझं पत्र आणि फोटो मिळाले. आधीच्या पत्राचं उत्तरही राहिलंय, त्यावरून हवं तेवढं रागाव, पण हे पत्र आजच वाच. काकांची मॉडेल रेल्वेची पेटी शेवटी तुझ्याकडे आली! घरात सांगितलं तर ‘बरं झालं’ म्हणाले सगळे. त्या छोट्या वाघिणी, म्हणजे मालडबे, पुन्हा रुळावर येणार म्हणजे काय, ते तुझ्याशिवाय कुणाला कळणार? माझी तब्येत ठीक आहे, गुडघाही.

फोटोमागे तू लिहिलंयस, ‘रविवारी खडी टाकतो, मग बोगद्याचा डोंगर.’ तेवढं करू नकोस. आधी पेटीतली प्रत्येक वाघीण उघड्या रुळांवर चालव. प्रत्येक पॉइंटवरून, म्हणजे रूळ फुटतात त्या जागेवरून, दोन्ही दिशांनी, एकदा ओढत आणि एकदा ढकलत. ढकलताना जास्त घसरतात, म्हणून ती चाचणी टाळायची नाही. आज रुळाचा एखादा सांधा अर्धा मिलिमीटर सरकवणं दोन मिनिटांचं काम आहे. खडी चिकटल्यावर त्यालाच अख्खी दुपार जाईल, आणि वर डोंगर उभा राहिला की तू ते करणारच नाहीस. तुला मी ओळखतो.

कारण सांगतो. तुझे रूळ कोड 75 चे दिसतात, म्हणजे उंची 0.075 इंच, जेमतेम 1.9 मिलिमीटर. काकांचे होते कोड 100 चे, 2.54 मिलिमीटरचे. जुन्या चाकांची आतली कड मिलिमीटरहून जास्त खोल असते. उंच रुळावर ती तरून जाते, तुझ्या रुळावर मात्र रूळ धरणाऱ्या बारीक खुंट्यांवर आपटेल. टकटक असा एकसारखा आवाज आला की समज. तेव्हा ‘काकांकडे तर छान चालायच्या’ हे मला ऐकवू नकोस.

दुसरं माप दोन चाकांच्या आतल्या बाजूंमधलं. दोन रुळांत 16.5 मिलिमीटर अंतर असेल तर ते 14.4 च्या आसपास हवं. व्हर्नियर कॅलिपरने प्रत्येक जोडी मोज; जुन्या चाकांत ते बरेचदा 14 च्याही खाली असतं. कमी असलं की चाक पॉइंटमधल्या चेकरेलवर (चाकाला आतून वळण लावणाऱ्या जादा रुळावर) चढतं, जास्त असलं की कड फ्रॉगच्या, म्हणजे दोन रूळ एकमेकांना छेदतात त्या जागेच्या, टोकाला धडकते. घसरतं दोन्हीकडे एकाच जागी, म्हणून माणूस पॉइंटला दोष देतो आणि पॉइंट उखडत बसतो. चाक आसावर हळूहळू पीळ देत सरकवायचं, सरळ खेचलं तर आस वाकतो. आणि पेटीत मॅर्कलिन या जर्मन कंपनीच्या तीन रुळी पद्धतीच्या वाघिणी असतील तर त्यांचा आस आणि दोन्ही चाकं धातूची, मध्ये विद्युतरोधक काही नाही. तुझ्या दोन रुळांवर ठेवताच शॉर्ट सर्किट. प्रत्येक जोडी मल्टिमीटरने तपास.

चाकं बदलायची म्हटलं की तू म्हणणार, मूळ वस्तूला हात लावायचा नाही. हे भांडण ताईसमोर कितीदा झालंय! मी अजून माझ्याच बाजूला आहे: वाघीण चालली पाहिजे. प्लॅस्टिकची चाकं मळ गोळा करून रुळांवर पसरवतात, धातूची चाकं पुष्कळ कमी. पण काढलेली चाकं आणि डबे जोडायचे आकडे पुडीत बांधून वर वाघिणीचा क्रमांक लिहून ठेव, म्हणजे तुझंही समाधान. नवी जोडी घेताना आसाची टोकापासून टोकापर्यंतची लांबी मोजून घे. ओओ या मोठ्या प्रमाणाच्या बहुतेक वाघिणींना 26 मिलिमीटर लागते, एचओ या लहान प्रमाणाला त्याहून कमी. लांब आस अडकतो, आखूड डुलतो. जोडायचे आकडे तर सगळे बदलायचंही कारण नाही. एका वाघिणीला एका टोकाला जुना आकडा आणि दुसऱ्या टोकाला नवा लाव. तिच्यामागे जुन्या वाघिणींची अख्खी माळ जशीच्या तशी चालेल.

मग वजन. एचओसाठी अमेरिकेच्या एनएमआरए या मॉडेल रेल्वे संस्थेचा हिशोब 1 औंस अधिक दर इंचाला अर्धा औंस असा आहे. 15 सेंटिमीटरच्या डब्याला साधारण 112 ग्रॅम होतात. आखूड चारचाकी वाघिणींना दर आसाला 25 ग्रॅम पुरतात. सगळ्या माळेचं वजन एकाच हिशोबाने असू दे. हलकी वाघीण पुढे आणि जड मागे असली की वळणावर हलकी आत ओढली जाऊन पडते. आणि हे कृपा करून लक्षात ठेव: शिशाचे छर्रे पांढऱ्या पीव्हीए गोंदाने चिकटवू नकोस. शिसं त्या गोंदातल्या आम्लाने गंजतं, फुगतं, आणि काही वर्षांनी वाघिणीच्या बाजू फाडतं. काकांनी कुठे भरले असतील तर आत्ताच हातमोजे घालून काढ. त्याजागी लोखंडी वॉशर, इपॉक्सीने.

धुताना कोमट पाणी, साबण आणि मऊ ब्रश, एवढंच. आयसोप्रोपिल अल्कोहोलने छापलेली अक्षरं निघतात. जस्ताच्या ओतीव सांगाड्यांना भेगा, फुगवटे दिसले तर तो धातूतल्या भेसळीचा रोग आहे, त्याला इलाज नाही. सांगाडा टाक, पण वरचा डबा ठेव. चाकं काढलेले मालडबे खऱ्या रेल्वेतही यार्डात कोठी म्हणून वापरत; तसाच तो रुळांच्या कडेला बसव.

आता बोगदा. तुझ्याकडे एचओ 1:87 आणि ओओ 1:76, दोन्ही आहेत. रूळ एकच, पण ओओचा डबा 14 टक्के मोठा. तेव्हा बोगद्याचं तोंड आणि फलाटाची कड सगळ्यात लांब ओओ डब्याने ठरव. त्याच्या बाहेरच्या कोपऱ्याला एक पेन्सिल, वळणाच्या आतल्या बाजूला मध्यावर दुसरी, अशा चिकटपट्टीने बांध आणि डबा हाताने फिरव. रुळांखालच्या फळीवर उमटलेल्या रेषेपलीकडे 3 मिलिमीटर सोडून बांधकाम. डोंगराला मागून हात जाईल एवढी खिडकी ठेव, कारण वाघीण घसरते ती आतच. घरांच्या बाबतीत मात्र हे मिश्रण कामाचं आहे. 2 मीटरचं दार 1:76 मध्ये 26 मिलिमीटर होतं, 1:87 मध्ये 23. मोठी घरं पुढे, लहान मागे ठेवलीस की फळी खोल दिसते.

डोंगराला एक्सपीएस फोमच (थर्मोकोलसारखा, पण घट्ट) चांगला, फक्त सॉल्व्हंट असलेला गोंद आणि स्प्रे रंग तो खातात. गरम तारेने कापायचा तर खिडक्या उघड्या ठेव. प्लॅस्टरसाठी पाण्यात पावडर घाल, पावडरीत पाणी नको. मापाने दोन भाग पावडर, एक भाग पाणी. बागेतली माती वापरणार असशील तर वाळवून, चाळून तिच्यातून लोहचुंबक फिरव, नाहीतर लोहकण इंजिनाच्या मोटारीत जातात.

हे सगळं झालं की टाक खडी. कोरडीच पसर, मऊ ब्रशने रुळांच्या माथ्यावरून आणि आतल्या कडांवरून झाड. साबणाचे दोन थेंब घातलेलं पाणी बारीक फवार, मग पीव्हीए आणि पाणी समप्रमाणात, थेंबाथेंबाने. आधी भिजवलं नाहीस तर गोंदाचा थेंब खडी गोळा करून गोट्या बनवतो. पॉइंटच्या हलत्या पट्टीजवळ खडीही नको आणि गोंदही नको. एक दिवस वाळू दे.

तुझी बदली झाल्याचं वाचलं, चांगलं झालं की वाईट ते कळलं नाही, नीट लिही. धाकटीचा निकाल काय लागला? वहिनींना नमस्कार सांग, आणि पुढची खोली फळीने अडवल्याबद्दल माझ्यातर्फे माफीही माग. काकूंना पेटी उघडतानाचा फोटो जरूर पाठव.

तुझाच,
मी

ता. क. रुळाच्या प्रत्येक तुकड्याला वीज देणारी तार खडीच्या आधी झाळून घे, आणि शेजारच्या स्लीपरवर ओल्या कापसाचा बोळा ठेव, नाहीतर प्लॅस्टिक वितळून रूळ जागा सोडतो. कुठली वाघीण कुठल्या पॉइंटवर घसरली त्याची यादी रविवारीच लिहून पाठव. एकाच पॉइंटवर सगळ्या घसरत असतील तर दोष रुळाचा, सगळ्या पॉइंटवर एकच घसरत असेल तर तिच्या चाकांचा.