बाबा, इथेही आधी पाणीच उपसावं लागलं

निइगाता,
जपान, रविवार रात्र

ती. बाबा आणि आई,
सा. न.

फोनवर बाबा "जेवलीस का?" एवढं विचारतात आणि लगेच फोन आईकडे देतात. आजचं मला बाबांशीच बोलायचं आहे, म्हणून लिहायला बसले. आई, तू वाचून दाखव. त्यांचा चष्मा अजून बदललेला नसणार.

काल सादो बेटावर जाऊन आले. तिथे सोन्याच्या जुन्या खाणी आहेत. निइगाता बंदरातून मोठी बोट निघते, अडीच तास लागतात. बेट साडेआठशे चौरस किलोमीटरचं आणि बस फार थोड्या. म्हणून र्योत्सु बंदरावर उतरल्यावर गाडी भाड्याने घेतली, पिवळ्या नंबरप्लेटची इवलीशी ६६० सीसीची. बाबा, चंद्रपूरच्या आरटीओत माझ्या आंतरराष्ट्रीय परवान्यासाठी तुम्ही अख्खी सकाळ उन्हात काढली होती ना, तो परवाना काल कामी आला. आई, काळजी करू नकोस, इथेही गाड्या डाव्या बाजूनेच चालतात. जायच्या ठिकाणाचा फोन नंबर गाडीतल्या नकाशावर दाबला की तो रस्ता दाखवतो, त्यामुळे वाचता न येणाऱ्या पाट्यांचं काही अडलं नाही.

दोन डोंगररांगांच्या मधून रस्ता जातो, दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्या. आपल्या मूल-सिंदेवाहीकडच्यासारख्याच, फक्त बांध अगदी सरळ. पाऊण तासात पलीकडच्या किनाऱ्यावरचं आइकावा आलं आणि वळणावर तो डोंगर दिसला. शेंड्यापासून खालपर्यंत मधोमध चिरलेला. सोन्याची शीर वरच्या टोकाशी सापडली, म्हणून लोक ती खणत खणत खाली उतरले. छिन्नी-हातोड्याने, हातांनी. चीर ३० मीटर रुंद आणि ७४ मीटर खोल आहे. मी गाडी बाजूला लावून बराच वेळ नुसती बघत राहिले.

ही शीर १६०१ मध्ये सापडली आणि दोन वर्षांत तोकुगावा राजवटीने सगळी खाण आपल्या ताब्यात घेतली. पुढे ती १९८९ पर्यंत चालली. डोंगराच्या पोटात सगळे मिळून सुमारे ४०० किलोमीटरचे बोगदे आहेत. एवढं खणून सोनं निघालं ७८ टन. २०२४ च्या जुलैमध्ये हिला जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली, आणि ती बैठक भरली होती आपल्या दिल्लीत.

जुन्या काळातल्या एका बोगद्यात आत जाता येतं. बाहेर घाम येत होता, आत १० अंश. पहिल्या वळणावरच तो वास आला. ओल्या दगडाचा, गार. बाबा, खदानीतल्या रात्रपाळीहून आलात की तुमच्या शर्टाला यायचा तोच. आई तो शर्ट वेगळ्या बादलीत भिजवायची.

आत माणसांएवढे पुतळे मांडले आहेत. कुणी दगड फोडतोय, कुणी लाकडं ठोकून छताला आधार देतोय. पण मी थांबले ती पाणी उपसणाऱ्यांपाशी. शीर समुद्रसपाटीच्याही खाली गेली आणि खाण पाण्याने भरायला लागली. मग लाकडी नळकांडी आली. आत मळसूत्रासारखी पाती, वर फिरवायचा दांडा. एका नळकांड्याने पाणी एक टप्पा चढायचं, तिथून दुसऱ्याने पुढचा टप्पा. जिथे ती बसत नव्हती तिथे बादल्या. रात्रंदिवस, कारण पाणी थांबत नाही.

"पंप बंद म्हणजे खदान बंद." तुम्ही हे किती वेळा म्हणाला असाल! मी लहान असताना मला वाटायचं, कोळसा काढणारे ते खरे खाणकामगार आणि आमचे बाबा नुसते पंपावर बसतात. शाळेत कुणी विचारलं तर मी 'पंप खलाशी' म्हणत नसे, 'खदानीत आहेत' एवढंच म्हणे. हे तुम्हाला कधी सांगितलं नाही. काल त्या पुतळ्यासमोर उभी असताना त्याची फार लाज वाटली.

सादोत हे काम कुणाला दिलं ते ऐका. १७७८ पासून एदोहून, म्हणजे आजच्या टोकियोहून, ज्यांचं नाव कुठल्याच गावच्या नोंदीत नव्हतं अशा बेघर माणसांना पकडून इथे आणलं. पुढच्या काळात मिळून अठराशेच्या वर. खाणीकडे जाणाऱ्या रस्त्यापाशी त्यांच्यातल्या २८ जणांची कबर आहे, १८५३ मधली. दगडावर शेवाळ चढलंय, शेजारी कुणीतरी ताजी फुलं ठेवली होती. मी हात जोडले. दुसऱ्या महायुद्धात कोरियातून सुमारे दीड हजार माणसं इथे कामाला आणली गेली. त्यांची माहिती आइकावाच्या संग्रहालयात मांडली आहे. ७८ टनांचा आकडा वाचताना ही सगळी माणसंही मोजायला हवीत असं मला वाटतं.

बाबा, एक गोष्ट तुम्हाला फार आवडेल. उपसून भागेना तेव्हा त्यांनी डोंगराखालून समुद्राकडे जवळजवळ एक किलोमीटरचा पाण्याचा बोगदा खणला. १६९१ ला सुरुवात केली, वेळ वाचावा म्हणून एकाच वेळी अनेक तोंडांनी खणत गेले आणि पाच वर्षांत सगळे एकमेकांना येऊन मिळाले. होकायंत्र आणि दोऱ्या घेऊन केलेली मोजणी! खाण बंद होऊन इतकी वर्षं झाली, तरी त्या बोगद्यातून पाणी अजून वाहतं. पंप नाही, वीज नाही, नुसता उतार.

आई, तुझ्यासाठीही आहे काही. परतताना निशिमिकावाला थांबले. तिथे डोंगराची माती पाण्याने धुऊन सोनं काढत, आइकावाच्याही फार आधीपासून. आता पाहुण्यांना थाळी देतात. अर्धा तास झारेकऱ्यासारखी रेती हलवत बसले, पाठ भरून आली आणि तीन कण मिळाले, तिळाहूनही बारीक. त्यांनी पाण्याच्या छोट्या कुपीत घालून दिले. दिवाळीला येताना आणते, देव्हाऱ्यात ठेव.

बाबा, बुधवारी फोन करेन तेव्हा आईकडे लगेच देऊ नका. मी सहावीत होते त्या पावसाळ्यात तुम्ही दोन दिवस घरी आला नव्हतात. खाली पाणी भरलं होतं एवढंच आम्हाला कळलं होतं. तेव्हा किती पंप चालू होते, कोण कोण होतं तुमच्याबरोबर, काय खाल्लंत, सगळं सांगा. मी वही घेऊन बसते.

तुमची,
ताई