गोळ्या चालू, पण शटर अर्धंच

महोदय,

करोनाच्या पहिल्या वर्षात चिंता आणि नैराश्य जगभरात सुमारे 25 टक्क्यांनी वाढलं, असं जागतिक आरोग्य संघटनेने मार्च 2022 मध्ये सांगितलं. बातमी आली आणि विरली. नैराश्य मोजणाऱ्या नऊ प्रश्नांच्या प्रश्नावलीअखेर आणखी एक प्रश्न असतो: या त्रासामुळे काम करणं, घर सांभाळणं, माणसांत मिसळणं किती अवघड झालंय? खरी मेख तिथेच आहे. आमच्या गल्लीतल्या भांड्यांच्या दुकानदाराची झोप गोळ्यांनी सुधारली. पण टाळेबंदी उठल्यावरही तो अर्धं शटर वर करून आत दिवा न लावता बसून असायचा. गिऱ्हाईक हाक मारून निघून जायचं. घरचे म्हणायचे, ‘आता बराय की!’

रोजची छोटी कामं ठरवून पुन्हा अंगवळणी पाडणारी समुपदेशनाची पद्धत आहे. गोव्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत प्रशिक्षण दिलेल्या साध्या समुपदेशकांनी ती वापरली आणि रुग्णांना गुण आला. हा अभ्यास 2017 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. गोवा आपल्याला काही लांब नाही. आपल्या जिल्ह्यातल्या आरोग्य केंद्रांत हे सुरू व्हावं. तोवर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा 14416 हा मोफत क्रमांक निदान तालमींच्या फलकांवर तरी लिहावा; ते फलक सगळी पेठ वाचते.

– एक वाचक, शिवाजी पेठ, कोल्हापूर