पहाटेची एक घटका

नागपूर, १२ जानेवारी

प्रिय बाळ,

प्रभू येशूच्या नावात तुला व सूनबाईंना सलाम.

नाताळच्या रात्री तू फोनवर म्हणालास, "बाबा, दिवसभर लोकांसाठी प्रार्थना करतो, पण माझे स्वतःचे देवाशी बोलणे होतच नाही." तेव्हा मी "होईल सगळे नीट" म्हणून फोन ठेवला. ते उत्तर फार अपुरे होते, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

मी पाळक झालो त्याच्या आठव्या वर्षाची गोष्ट आहे. एका रविवारी दोन उपासना, एक दफनविधी आणि चार घरभेटी उरकून मी एका आजारी गृहस्थाच्या खाटेशी उभा राहिलो आणि डोळे मिटून सवयीने प्रार्थना म्हणू लागलो. "आमेन" झाल्यावर त्यांची पत्नी हळूच म्हणाली, "पाळकसाहेब, तुम्ही यांचे नाव चुकीचे घेतलेत." आधीच्या घरातल्या रुग्णाचे नाव माझ्या तोंडी आले होते. त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि पहाटे, अंधार असतानाच, मी सायकल घेऊन सेमिनरी हिल्सच्या टेकडीवर गेलो.

तेथे मी मागितले काहीच नाही. थंडीने बोटे बधिर झाली होती. सागाचे एक रुंद, वाळलेले पान देठापासून सुटले आणि फांद्यांना घासत, खरखरत खाली आले. शांततेत तो आवाज इतका मोठा वाटला की मी दचकलो. मग बराच वेळ दुसरे पान पडण्याची वाट पाहत बसलो. वाट पाहणे हीदेखील प्रार्थना असू शकते, हे मला त्या दिवशी प्रथम कळले.

मार्काच्या शुभवर्तमानातील पहिल्या अध्यायाच्या ३५व्या ओवीपुढे थोडे वाच. प्रभू पहाटे रानात प्रार्थनेला गेला, तेव्हा कफर्णहूम गावातले रोगी बरे होऊन संपले नव्हते. शिष्य त्याला शोधत आले आणि "सगळे तुझा शोध करीत आहेत" असे म्हणाले. तरीही तो मागे न फिरता पुढच्या गावांकडे निघाला. काम आटोपल्यावर एकांत मिळेल, असे आपण समजतो. पण दाराशी लोक उभे असतानाच उठून जावे लागते, आणि हेच मला सर्वांत जड गेले.

आपल्या नागपुरात १८४५ मध्ये आलेले स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप शाळा व सुवार्तेचे काम सांभाळून येथील टेकड्यांवरचे दगड आणि त्यांतील जीवाश्म पाहत हिंडत. सेवक माणसाने रानावनात वेळ घालवणे म्हणजे सेवेत कसूर, असे कुणी म्हटले की मला त्यांची आठवण येते.

तुला इरई नदीचा काठ जवळ आहे. सोमवारी पहाटे तेथे जा, मोबाइल घरीच ठेव, आणि कोठे जातोस ते सूनबाईंना सांगून जा. बसल्या जागी डोळा लागला तरी स्वतःला दोष देऊ नकोस. रतामाच्या झाडाखाली थकून निजलेल्या एलीया संदेष्ट्याला देवदूताने आधी भाकर आणि पाणीच दिले होते.

फेब्रुवारीत दोन दिवस काढून ये. आपण दोघे पहाटे टेकडीवर जाऊ. बोलायचे ते उतरताना बोलू.

तुझा,
बाबा